मंकी कॅपमधली बाटली

आमच्या हॉस्पिटलच्या एमआरआयच्या खोलीत शनिवारी संध्याकाळी एक बाटली मंकी कॅप घालून झोपायला यायची. माणसाच्या डोक्याएवढी गोल काचेची बाटली, आत लुसलुशीत जेल, आणि वरून चॉकलेटी लोकरीची टोपी, थेट मानेपर्यंत ओढलेली. कोलकात्यात नोव्हेंबर लागला की निम्मं शहर असल्या टोपीत शिरतं, त्यामुळे टोपीचं कुणाला नवल नव्हतं. पण ही बाटली भर मे महिन्यातही टोपी घालायची.

तिला टोपी घालणाऱ्या बाई म्हणजे आमच्या फिजिक्स विभागाच्या प्रमुख. वय साठीला टेकलेलं, अंगावर सुती पातळ, पायात पुरुषी रबरी बूट, आणि केसांत पेन्सिल. अख्खं हॉस्पिटल त्यांना दीदी म्हणे, म्हणून मीही दीदीच म्हणायचो. खरं तर त्या माझ्यासारख्याच मराठी. वडील गार्डन रीचला रेल्वेच्या मुख्यालयात नोकरीला आले आणि तिथल्याच क्वार्टरमध्ये दीदींचा जन्म झाला. मराठी त्या आईकडून स्वयंपाकघरात शिकल्या, त्यामुळे भाज्यांची नावं अस्सल वऱ्हाडी आणि बाकी सगळं बंगालीत भिजलेलं. बंगालीत लिंगाची भानगड नाही. दीदींच्या मराठीत तर मशीन कधी तो, कधी ती, आणि फार राग आला की ‘तो बाई’.

बँकेत असलेल्या बायकोची बदली कोलकात्याला झाली आणि मी तिच्यामागे तिकडे गेलो. बायकोच्या मागे जाणारा नवरा म्हणून सांगलीत माझी भरपूर टिंगल झाली होती. दीदींनी माझी मुलाखत इंग्रजीत घेतली, बरी चालली होती. मग माझं आडनाव पुन्हा एकदा वाचून त्यांनी मराठीत विचारलं, “रविवारी काय करतोस रे?”

“काही नाही,” मी म्हणालो. परमुलखात मराठी ऐकून मला इतका आनंद झाला की खोटं बोलायचं सुचलंच नाही.

“आता करशील,” दीदी म्हणाल्या.

पुढची तीन वर्षं, बायकोची पुन्हा बदली होईपर्यंत, माझे बहुतेक रविवार त्या बाटलीने खाल्ले.

बाटलीचं काम असं. कॅन्सरच्या गाठीवर किरण सोडायचे तर कुठे किती सोडायचे याचा आराखडा आधी कॉम्प्युटरवर होतो. पण कॉम्प्युटरने ठरवलं तिथेच किरण पडले हे कशावरून? म्हणून पेशंटच्या आधी बाटलीला ट्रीटमेंट द्यायची. जेलमध्ये जिथे किरण पडतील तिथे ते धरतं, दुधाला विरजण लागावं तसं. जिथे किरण जास्त तिथे जास्त घट्ट. आणि किती घट्ट झालं ते एमआरआय सांगतो. म्हणजे बाटली हे पेशंटचं डोकं, आणि एमआरआय म्हणजे आतलं वाचणारा चष्मा. चष्म्याचा नंबर चुकला तर सगळंच चुकलं.

दीदींचं सारं आयुष्य या नंबरापायी चाललं होतं. एमआरआयला कितीतरी कान असतात: काप किती जाडीचा घ्यायचा, दोन ठोक्यांमध्ये किती थांबायचं, प्रतिध्वनी किती ऐकायचे, ते किती निवांत ऐकायचे. एक सुधारायला जावं तर दुसरं बिघडतं. काप जाड घेतला तर चित्र स्वच्छ येतं, पण बारीक गोष्ट त्यात बुडते. काप पातळ घेतला तर चित्रात वाळू उडते. यावर दीदींचा नियम एकच होता, “एका रविवारी एकच कान पिळायचा.” दोन कान एकदम पिळले तर कुणामुळे रडला ते कळत नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे दुसऱ्या कुणी जे महिन्याभरात उरकलं असतं, त्याला आम्हाला वर्ष लागलं.

एमआरआयचा मुख्य टेक्निशियन हा सज्जन माणूस, पण दीदींपुढे त्याचा जीव अर्धा व्हायचा. मेंदूचं देखणं चित्र काढण्यात त्याचा हात कुणी धरला नसता. आमची वाळू उडालेली चित्रं पाहून तो कळवळायचा. एकदा न राहवून त्याने आमच्या चित्रावरून गुळगुळीत करायचा फिल्टर फिरवला आणि कौतुकाच्या अपेक्षेने उभा राहिला. चित्र खरोखरच सुरेख दिसत होतं.

“तू लग्नाचे फोटो काढायला जा,” दीदी त्याला म्हणाल्या. “मला नवरी सुंदर नको आहे. तिच्या गालावर तीळ आहे की नाही, एवढंच सांग.”

तो पंधरा दिवस रुसला होता. मग दीदींनी त्याला नोलेन गुडाचे संदेश, म्हणजे खजुराच्या नव्या गुळाची बंगाली मिठाई, नेऊन दिले, तेव्हा कुठे रविवार पुन्हा सुरू झाले. टोपीचं शास्त्र त्यालाच आधी पटलं होतं, हे मात्र सांगायला हवं. जेल गार असेल तर एमआरआयला ते अधिक घट्ट वाटतं. खोलीतल्या एसीचा झोत बाटलीच्या एकाच गालावर बसायचा, आणि त्या गालावर किरण जास्त पडल्याचं खोटंच चित्र यायचं. म्हणून आदल्या संध्याकाळपासून टोपी. पहिली टोपी दीदींनी फुटपाथवरून आणली, तिच्यात चमचमणारी तार निघाली, आणि चुंबकाच्या खोलीत धातू चालत नाही म्हणून त्याने ती दारातूनच हाकलली. दुसरी दीदींनी स्वतः विणली. एक कान लांब झाला होता.

जेल बनायचं ती खोली आमच्याच मजल्यावर, तिला सगळे रान्नाघर, म्हणजे स्वयंपाकघर, म्हणत. तिथे दीदी जिलेटीन घोटायच्या तेव्हा कुणी झाकण उघडायचं नाही, घाई करायची नाही, आणि ‘झालं का’ असं तर मुळीच विचारायचं नाही. हवा लागली की जेल किरणांना दाद देत नाही. एकदा ऑडिटवाले साहेब झाकण उचलून म्हणाले, “व्हॉट इज कुकिंग?” दीदींनी ते सगळं भांडं त्यांच्यादेखत मोरीत ओतलं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. साहेब त्या मजल्यावर परत आले नाहीत.

आणखी एक हट्ट होता. दीदी पेशंटला भेटायच्या नाहीत. समोरून पेशंट आला की भिंतीवरची नोटीस वाचत उभ्या राहायच्या. मला वाटायचं, बाई तुसडी आहे. एकदा विचारलंच.

“शोन, ऐक,” त्या म्हणाल्या, “चेहरा बघितला की मन म्हणतो, असू दे, होईल नीट. आकड्याला असं ‘असू दे’ म्हणून चालत नाही.”

आता त्या आठवड्याविषयी सांगतो.

पेशंट होती चाळिशीतली एक बाई. एक डोळा गाठीने आधीच घेतलेला. उरलेल्या डोळ्याच्या नसेला ती गाठ आता जवळजवळ चिकटली होती. ऑपरेशन करायला गेलं तर नस वाचायची खात्री नव्हती, म्हणून एकाच बैठकीत, अगदी बारीक झोताने किरण द्यायचे असं ठरलं. आमच्या हॉस्पिटलात नसेच्या इतक्या जवळ अशी ट्रीटमेंट पहिल्यांदाच होणार होती. मंगळवारची वेळ पक्की झाली होती. शुक्रवारी तिच्या आराखड्याप्रमाणे बाटलीला किरण दिले आणि रविवारी सकाळी आम्ही बाटली वाचली.

घट्ट झालेला भाग हवा तसाच होता, आकारही बरोबर. फक्त जागा चुकली होती. सगळा ठिपका जवळजवळ दोन मिलिमीटर सरकला होता, आणि सरकला होता तो नसेच्या बाजूला.

मी दीदींकडे पाहिलं. त्यांनी केसांतली पेन्सिल काढली, परत खोचली, आणि म्हणाल्या, “मंगळवार नाही.”

सोमवारी सकाळी तिच्यावर उपचार करणारे डॉक्टर आमच्या खोलीत आले. हे बागबाजारचे, सात पिढ्यांचे कोलकातेकर, आणि दीदींचे जुने स्नेही. मराठा खंदक जिथून सुरू व्हायचा तिथेच त्यांचं घर, त्यामुळे आम्हा दोघांना ते ‘बर्गी’, म्हणजे बंगाल लुटायला आलेले मराठे स्वार, म्हणत. “तुम्हाला अडवायला आमच्या पूर्वजांनी एवढा खंदक खणला, आणि तुम्ही शेवटी माझ्याच मशीनवर येऊन बसलात,” हा त्यांचा नेहमीचा विनोद. त्या दिवशी त्यांनी तो केला नाही.

“दीदी, गाठ वाट बघत नाही,” ते म्हणाले. “गेल्या महिन्यापेक्षा तिला आज कमी दिसतं. तुमची बाटली खोटं बोलत असेल तर? रोजच्या तपासणीत किरणांचं मशीन पास होतं आहे.”

“बाटली खोटं बोलत असेल,” दीदी म्हणाल्या. “मशीनही बोलत असेल. कोण बोलतो ते मला माहीत नाही. माहीत नसताना मी सही करत नाही.”

“आणि उशिराने डोळा गेला तर?”

मला त्या क्षणी डॉक्टरांचं बरोबर वाटलं, आणि दीदींचंही. असं दोन्हीकडे बरोबर असलं की फार वाईट वाटतं. शेवटी डॉक्टर म्हणाले, “शुक्रवार. शुक्रवारी नाही झालं तर मी तिला सर्जनकडे पाठवतो, मग नसेचं काय व्हायचं ते होईल.”

ते गेल्यावर दीदी खिडकीशी गेल्या. मग एकदम वळल्या. “आपण बाटली नेहमी कशी ठेवतो?”

“लेबल उजवीकडे.”

“प्रत्येक रविवारी?”

“प्रत्येक. तुम्हीच सांगितलं होतंत, एका वेळी एकच गोष्ट बदलायची.”

“धुत्!” त्यांनी स्वतःच्याच कपाळावर हात मारला. “वर्षभर सगळे कान पिळले आणि डोका एकदाही फिरवला नाही!”

म्हणणं साधं होतं. बाटली उलट फिरवायची, लेबल डावीकडे, आणि पुन्हा वाचायची. ठिपका खरंच बाटलीत सरकलेला असेल तर बाटलीबरोबर तोही फिरेल. पण ती सरकासरक वाचताना, चष्म्यात होत असेल, तर बाटली कशीही ठेवा, ती खोलीच्या त्याच बाजूला राहील. या युक्तीचं मूळ मला नंतर कळलं. बालीगंजच्या बाजारात दीदींच्या ओळखीचा एक म्हातारा मासेवाला अजून हातातला तराजू वापरायचा. दीदी त्याला रुई मासा एकदा या पारड्यात तोलायला लावत आणि एकदा त्या. तो शिव्या घालत तोलायचा, आणि मासा मात्र सगळ्यात ताजा दीदींसाठीच काढून ठेवायचा.

पण सोमवारी एमआरआय रिकामं कुठे असणार? बाहेर पेशंटची रांग. टेक्निशियनने हात जोडले, “दीदी, रविवारी.” रविवार म्हणजे शुक्रवारच्या पलीकडे. दीदी काउंटरवर गेल्या, इतरांसारखं टोकन घेतलं, आणि पेशंटच्या नावाच्या जागी ‘बाटली’ असं सांगून बाकावर बसल्या. बाटली आत कोपऱ्यात टोपी घालून होतीच. शेजारच्या गृहस्थांनी सहानुभूतीने विचारलं, “आपको क्या हुआ है, मासिमा?”

“शक हुआ है,” दीदी म्हणाल्या.

कुणाही पेशंटला मागे ढकलायचं नाही, असं त्यांनी मला बजावलं होतं. त्या नुसत्या बसून राहिल्या. जेवायच्या सुट्टीला टेक्निशियन डबा घेऊन बाहेर आला, दीदींकडे पाहिलं, डबा परत आत ठेवला आणि म्हणाला, “या.” त्या दिवशी तो जेवला नाही. त्याच्याविषयी मी मघाशी जे काही चेष्टेने लिहिलं त्यात हेही धरावं.

उत्तर आलं ते आम्हा दोघांनाही अपेक्षित नव्हतं. निम्मी सरकासरक बाटलीबरोबर फिरली. निम्मी जागची हलली नाही.

म्हणजे एमआरआयचा चष्मा आणि किरणांचं मशीन, दोघेही खोटं बोलत होते.

चष्म्याचं खोटं दीदींनीच पकडलं. ठिपक्याची जागा मोजायला आम्ही बाटलीवर खुणा चिकटवायचो, औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या माशाच्या तेलाच्या गोळ्या. एमआरआयमध्ये त्या ठळक दिसतात, म्हणून सगळेच वापरतात. पण एमआरआयला तेल आणि पाणी वेगवेगळ्या सुरांत ऐकू येतं, आणि सुरातल्या फरकाला तो जागेतला फरक समजतो. पूर्वी हे नगण्य होतं. मात्र चित्रातली वाळू कमी करायला गेल्या काही रविवारी आम्ही त्याला फार निवांत ऐकायला लावलं होतं. जितकं निवांत, तितकं तेलाचं चित्र बाजूला. जेल जागच्या जागी होतं, आमच्या खुणाच सरकल्या होत्या.

“बंगालमध्ये जन्म काढला,” दीदी म्हणाल्या, “आणि माशाच्या तेलाने फसवलं!” इतकं मोकळं हसताना मी त्यांना पहिल्यांदाच पाहिलं. आपण चुकलो हे कळल्यावर माणूस एवढा खूश होऊ शकतो, हे मला माहीत नव्हतं.

उरलेलं निम्मं मात्र खरं होतं. डॉक्टर म्हणाले, एवढा फरक नियमात बसतो, जगभर चालतो. ते खोटं नव्हतं. दीदींनी त्यांच्यापुढे आराखडा ठेवला आणि नसेवर पेन्सिल टेकवली. “नियमात बसतो,” त्या म्हणाल्या. “हिच्या डोक्यात बसतो का ते बघा.”

डॉक्टरांनी कंपनीच्या इंजिनियरला स्वतः फोन लावला.

मंगळवारी इंजिनियर आला. पेशंटची जागा ठरवणारे कॅमेरे आणि किरणांचा झोत, या दोघांचे मध्य किंचित वेगळे पडले होते. रोजच्या तपासणीला ते चालण्यासारखं वाटत होतं, म्हणून त्या तपासणीने कधी ओरड केली नव्हती. त्याने ते जुळवलं. तो पुन्हा पुन्हा म्हणे, “हो गया, मॅडम,” आणि दीदी म्हणत, “और एक बार.” दीदींकडे एक जादा बाटली नेहमी तयार असायची. तिच्यावर खुणा लावल्या त्या पाण्याने भरलेल्या बारीक नळ्यांच्या. बुधवारी तिला किरण दिले, गुरुवारी टेक्निशियनने पहाटेच येऊन एमआरआय मोकळं करून दिलं. आम्ही ती सुलट वाचली, उलट वाचली. वाळू होती, चित्र काही देखणं नव्हतं. पण ठिपका दोन्ही वेळा जिथे हवा तिथेच बसला होता.

दीदींनी सही केली. सही करताना त्यांनी पेनाऐवजी आधी केसांतली पेन्सिलच टेकवली, आणि मला ते पाहून भीतीच वाटली, कारण तोवर मी धरून चाललो होतो की त्यांना भीती वाटतच नाही.

शुक्रवारी त्या बाईंना ट्रीटमेंट झाली. दीदी कंट्रोल रूममध्ये माझ्या मागे उभ्या होत्या. पडद्यावर पेशंट दिसत होती, तिकडे त्यांनी पाठ केली होती. सगळं संपल्यावर डॉक्टरांनी विचारलं, “काय दीदी, आता?” दीदी म्हणाल्या, “आता काय, महिने जाऊ द्या. नस लगेच सांगत नाही.” आणि रान्नाघरात जाऊन नवीन जेलसाठी पाणी मोजायला लागल्या.

महिने गेले. या काळात दीदींनी त्या बाईंविषयी एकदाही विचारलं नाही. मीही विचारलं नाही, पण मला रोज आठवण व्हायची, आणि त्यांनाही होत असणार.

एका दुपारी मी आमच्या कॉरिडॉरच्या तोंडाशी उभा होतो. एक बाई हळूहळू चालत आली, मला पाहून थांबली, आणि माझ्या छातीवरच्या ओळखपत्राकडे पाहत माझं आडनाव मोठ्याने वाचलं, शेवटी बंगाली ओकार लावून. मग बंगालीत म्हणाली, “तुम्ही मराठी का? डॉक्टरबाबूंची ओपीडी कुठे? मी चुकून भलत्याच मजल्यावर आले.”

मी ओळखलं. पडद्यावर तिचा चेहरा मी कितीदा पाहिला होता.

दीदी माझ्या मागेच, रान्नाघराच्या दारात होत्या. मला वाटलं, आता त्या भिंतीकडे तोंड करतील. त्यांनी एक हात चौकटीवर टेकवला आणि थेट त्या बाईंकडे पाहिलं. मग दारावर टांगलेली किरणांच्या इशाऱ्याची पाटी खिळ्यावरून काढली आणि पुढे येऊन त्यांच्यासमोर धरली.

“पोडुन तो,” त्या म्हणाल्या. वाचा बघू.

बाई गोंधळल्या. पण हॉस्पिटलात सांगितलेलं करायची पेशंटला सवय असते. त्यांनी बंगाली ओळ वाचली. दीदी दोन पावलं मागे गेल्या. “एबार?” आता? त्यांनी पुन्हा वाचली. दीदी आणखी मागे. “एबार?” बाईंना आता हसू यायला लागलं होतं. ही रबरी बूट घातलेली म्हातारी कोण, हे त्यांना ठाऊक नव्हतं आणि कुणी सांगितलंही नाही. त्या हसत हसत वाचत होत्या, आधी मोठी ओळ, मग खालची लहान. दीदी पाटी छातीशी धरून त्या लांबलचक कॉरिडॉरमधून उलट्या पावली मागे मागे चालल्या होत्या. त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं, ते पुसायला हात मोकळा नव्हता, आणि आवाज मात्र परीक्षा घेणाऱ्या मास्तरणीचा होता. “एबार? एबार?”

मागे भिंत लागली म्हणून थांबल्या. बाई अजून वाचत होत्या.